खंडेनवमीला धुतलेली गाडी

नवरात्र आलं की आमच्या मलकापुरात सगळं धुवून निघतं. आधी गोधड्या, चादरी, पडदे, वर्षभर फडताळात नुसती बसून राहिलेली भांडी. मग घट बसतात, आणि खंडेनवमीच्या सकाळी गाड्यांची पाळी येते. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नळ्या पसरलेल्या असतात, साबणाचा फेस गटारीकडे धावत असतो, ओल्या लोखंडाचा आणि झेंडूचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. लोकांना त्यात सण दिसतो. मला मात्र बंद पडलेली गाडी दिसते.

मी ब्लाऊज शिवते. मशीन खिडकीशीच आहे, आणि दसऱ्याला नवं ब्लाऊज घालायचं म्हणून बायका दारात तिष्ठत असतात. तरी यंदाही मी शिवण अर्धी टाकून उठले आणि समोरच्या शिंदेकाकांना सांगून आले, की वरून हवी तेवढी धुवा, पण बॉनेट उघडून आत पाणी मारू नका. काका हसले. दरवर्षी हसतात. गल्लीत माझी ख्याती काळजीखोर बाई अशीच आहे. आमचे हे म्हणतात, तुला काळजी करायला काही नसलं की त्याचीच काळजी लागते. म्हणोत बापडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझं माहेर जत तालुक्यात, पार पूर्वेला. तिथून पुढं थोडं गेलं की लोक कानडीत भांडतात. उघडं माळरान, बाभळी, कुसळं, आणि डाळिंबाच्या बागा. बागा अलीकडच्या, माळरान मात्र आधीपासूनचं. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. फाट्यावर एसटीतून उतरलं की पुढं पायीच. आप्पा, म्हणजे माझे वडील, धनगर. नुसते जातीनं नाही, कामानं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते पश्चिमेला निघायचे, घोड्यावर संसार लादून, थेट कृष्णा-कोयनेच्या काळ्या रानापर्यंत. तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत मिळायचं, आपल्याला धान्य. आज मी राहते ते मलकापूर आप्पांनी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी पायांनी बघितलेलं. माझं स्थळ ठरवायला आले तेव्हा त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, की इथं एक मोठी चिंच होती, ती कुठं गेली.

पुढं गुडघे बोलायला लागले, चराईचं रान कमी झालं, आणि आप्पांनी मेंढरं विकून पिकअप घेतली. छोटी, पेट्रोलवर चालणारी, पुढचं सीट उचललं की खाली इंजिन. माणसं म्हणाली, म्हातारपणी ही काय हौस. पण आप्पा दोन-चार महिन्यांत शिकले. आसपासच्या मळ्यांतली मेंढरं-बकरी जतच्या बाजारात पोचवायची, येताना कुणाचं खत, कुणाची पेंड आणायची. मेंढरं होती तेव्हा त्यांना नावं होती. या गाडीला त्यांनी नाव ठेवलं नाही, पण रात्री झोपायच्या आधी एकदा तिच्याकडे जाऊन तिच्या दारावर थाप मारून यायचे. मेंढरं मोजायची सवय कुठं तरी जिरवायला हवी होती.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस आमच्या घरात पहिल्यापासून अस्वस्थ. बाजरी निघालेली असते, शाळूची पेरणी झालेली असते, कर्नाटकाकडचं आभाळ रोज दुपारी काळं होतं, गुरगुरतं आणि पाऊस न देता निघून जातं. हवेत काढणीचा भुसा तरंगतो, डोळ्यांत जातो. लहानपणी मला हे दिवस नकोसे वाटायचे, कारण आप्पांच्या वागण्यात निघायची चाहूल लागायची. घोंगडी उन्हात पडायची, कुऱ्हाडीला धार लागायची, घोड्याचं खोगीर दुरुस्त व्हायचं, आणि आई उगाच चिडचिड करायची. मेंढरं विकल्यावर जाणं थांबलं, पण पायातला तो भोवरा थांबला नाही. दिवाळी जवळ आली की आप्पा गाडीची किल्ली घेऊन कुठं तरी निघायचेच. काही काम नसलं तरी.

मी सांगतेय त्या वर्षी गणपती उठल्यावर आईचा फोन आला. आई फोनवर नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी हळू बोलत होती. बाजारातून येताना गाडी रस्ता सोडून बाजरीच्या रानात घुसली आणि बाभळीच्या जाळीत अडकून थांबली. कुणाला काही लागलं नाही. आप्पा म्हणाले, डुलकी लागली. पण आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "सुमे, त्येंचं डोळं उघडं हुतं. मी हाका मारतीया, आन त्ये शर्टाचं बटान चाचपत बसल्यात. निजल्यालं माणूस बटान चाचपतंय व्हय?"

आम्ही त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी सांगितलं, ही एक प्रकारची फिटच आहे. माणूस पडत नाही, फक्त थोडा वेळ हरवतो, आणि आपण हरवलो होतो हे त्याचं त्याला कळत नाही. गोळ्यांनी फरक पडेल, पण गाडी चालवायची नाही. आप्पांनी मान डोलावली. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, डॉक्टरला आपला रस्ता कुठं माहीत आहे, तिथं सायकलसुद्धा आडवी येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला गेले. स्वतः चालवत.

तेव्हापासून माझी झोप उडाली. मशीनवर बसले की पायाखालचं पायडल मला ब्रेकसारखं वाटायचं. शिवण सरळ चाललेली असताना मध्येच पाय थांबायचा. आता आप्पा कुठल्या वळणावर असतील, समोरून काय येत असेल. फोन वाजला की आधी नंबर माहेरचा तर नाही ना बघायची, मग उचलायची. माझा भाऊ नामदेव सैन्यात, लांब कुठं तरी बर्फात. तो आठवड्यातून एकदा आप्पांना फोनवर रागवायचा, आप्पा "व्हय व्हय" म्हणायचे, आणि फोन ठेवला की किल्ली घ्यायचे. बापाला नाही कसं म्हणायचं, हे आम्हा दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. कुऱ्हाड, कोयता, मेंढरांची लोकर कातरायची कात्री, काठीसुद्धा. मेंढरं गेली तरी कात्री पुजली जाते. गाडी आल्यापासून गाडीही. मी एसटीनं फाट्यावर उतरून मळ्यात पोचले तेव्हा आप्पांनी गाडी अंगणात घेतली होती, पुढचं सीट काढून बाजूला ठेवलं होतं, आणि डाळिंबावर औषध मारायच्या पंपाची नळी हातात धरून ते सरळ इंजिनावर पाण्याचा फवारा मारत होते. पंपाचा जोर एवढा, की फांदीवर धरला तर पानं गळून पडतात. मी म्हटलं, आप्पा, आत कशाला. तर म्हणाले, "देवाम्होरं ठेवायची वस्तू निस्ती वरनं धुवून भागत न्हाई. आतनंबी धुवाय पायजे." मेंढरांना ते असंच ओढ्यात घालून, पोटाखालचीसुद्धा लोकर चोळून धुवायचे. त्यांच्या हिशोबात गाडी काही वेगळी नव्हती. मग गाडी निथळायच्या आत तिच्यावर भंडारा उधळला, इंजिनावरही उधळला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळी पिवळीधमक झाली.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या कुलदैवताला, बिरोबाला जायला म्हणून त्यांनी गाडी चालू केली, तर ती अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. पुढं पिवळा दिवा पेटला. अंगणातून बाहेर काढेपर्यंत तिनं झटके मारले, जोर धरेना, आणि नांगरटीच्या चढाला खोकून बंदच पडली. जतच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, प्लगच्या भोकांत पाणी गेलं असणार, कॉइली गेल्या. चार प्लगवर चार कॉइली असतात, त्या प्लगला ठिणगी देतात. पाणी लागलं की जळतात. दर दसऱ्याला अशा गाड्या येतात म्हणाला, आणि आपण दिवाळीपर्यंत मळ्यात येऊ शकत नाही, गाडी ओढून आणा नाही तर घरीच बदला, काही अवघड नाही.

खरं सांगते, त्या दिवशी मला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. नामदेवाला कळवलं तर तो म्हणाला, "अक्का, गाडी बंद पडली ती बिरोबाचीच किरपा समज. हात लावू नगंस तिला. मी सुट्टीवर आलो की बघू काय ती." मीही तेच ठरवलं. बिघडलेली गाडी म्हणजे घरबसल्या मिळालेलं औषध. ना भांडण, ना रागावणं, ना डॉक्टरचं नाव काढणं.

पण मी तिथं राहिले आणि बघत राहिले. आप्पा सकाळी उठून दगडावर बसायचे ते गाडीकडे तोंड करून. कुणी मेंढरं न्यायची आहेत म्हणून विचारायला आलं तर नाही म्हणून मान हलवायचे. बोलायचे नाहीत. ज्या माणसानं आयुष्यात एका जागी दोन दिवस मुक्काम केला नाही, तो दगडावर बसून उन्हाची जागा बदलली की फक्त दगड बदलायचा. आई म्हणाली, "जेवत्यात, पर ताटाकडं बगत न्हाईत." एरवी ज्या दिवसांत त्यांच्या अंगात वारं भरायचं, त्याच दिवसांत ते असे विझून बसले होते. माझं हायसं वाटणं टिकलं नाही. मी त्यांना वाचवत होते की हळूहळू घालवत होते, मलाच कळेना. इकडे मलकापुरातून बायकांचे फोन, ब्लाऊज कधी मिळणार. मी आज येते, उद्या येते म्हणत होते आणि जात नव्हते.

एका सकाळी आप्पा काठी घेऊन फाट्यावर गेले आणि खोकं घेऊन आले. सांगलीच्या दुकानदाराला त्यांनी परस्पर फोन करून कॉइली एसटीनं मागवल्या होत्या. खोकं माझ्यासमोर ठेवलं. गोळ्यांमुळे त्यांचे हात थरथरायचे, जवळचं नीट दिसायचं नाही. म्हणाले, "तुज्या हाताला मशिनीची सवय हाय. तूच बशीव."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी एवढ्या दिवसांत माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं होतं. मी पाना शोधायला उठले.

ते काम माझ्या अजून हातात आहे. सीट काढलं, मेकॅनिकनं सांगितल्याप्रमाणे आधी बॅटरीची वायर सोडवली. खालून उष्ण, तेलकट वास आला, त्यात हळदीचा. इंजिनावर भंडाऱ्याचा थर वाळून बसला होता. त्यावर ओळीनं चार काळी टोपणं, एकेका दहा नंबरच्या बोल्टानं बसवलेली. मेकॅनिकनं फोनवर बजावलं होतं, एकावेळी एकच काढा, नाही तर वायरी एकमेकींत जातील. पहिल्या कॉइलीचं बारीक कुलूप दाबून वायर सोडवली, बोल्ट काढून आप्पांच्या तळहातावर ठेवला, आणि कॉइल पिळत पिळत वर ओढली. ती वीतभर लांब निघाली. खालचं रबर फुगलेलं, आतली स्प्रिंग गंजून तांबडी. भोकात डोकावले तर तळाशी हळदीचं पिवळं पाणी. आप्पांनी टॉर्च धरली होती, तिचा उजेड त्या पाण्यावर हलत होता. ते नुसतं "आगं बया" म्हणाले. देवाला दिलेला भंडारा असा आत जाऊन बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

काडीला अस्तराचा कपडा गुंडाळून मी ते पाणी टिपलं. मग सायकलच्या पंपानं भोकात वारा मारला. कपडा कोरडा यायला लागेपर्यंत टिपत राहिले. नवी कॉइल आत सोडून तळव्यानं दाबली, खाली प्लगवर बसल्याचं हाताला कळलं. बोल्ट आवळला, वायर लावली, कुलूप टक करून बसलं. मग दुसरी. सुईत दोरा ओवण्यासारखं काम, मन लावलं की जमणारं. पण मन लागत नव्हतं. प्रत्येक बोल्ट आवळताना बाजरीच्या रानातली ती गाडी डोळ्यांपुढं यायची. या खेपेला बाभूळ आडवी येईलच असं कुठं होतं. मी घाबरले होते, एवढी की पाना दोनदा हातातून निसटून खाली इंजिनात गेला आणि आप्पांनी तो काठीनं ओढून काढला.

शेवटच्या कॉइलीचं कुलूप लावायच्या आधी हात थांबला. ही वायर अर्धवट बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. गाडी थरथरतच राहिली असती, आप्पा म्हणाले असते नशीब, आणि मी निर्धास्त मलकापूरला गेले असते. त्या एका क्षणात बरंच काही मनात येऊन गेलं. वाटलं, हे मी आप्पांना नाही म्हणत नाहीये, गाडीला माझ्या वतीनं नाही म्हणायला लावतेय. ज्यांनी मला खांद्यावर बसवून माळरान दाखवलं, त्यांना फसवून जिवंत ठेवायचं. त्यापेक्षा तोंडावर सांगावं आणि शिव्या खाव्यात. सांगायची छाती माझ्यात होती का, तर नव्हती. तरी कुलूप दाबलं. ते टक करून बसलं.

किल्ली फिरवायला मीच चालकाच्या जागी बसले. गाडी चालू झाली. कुठं थरथर नाही, खोकला नाही, एकसारखा आवाज. दिवाही विझला. आप्पांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. मग पागोटं सारखं केलं, दाराशी आले आणि उभे राहिले. मी उतरेन म्हणून ते वाट बघत होते.

मी उतरले नाही. माझ्याकडे परवाना होता. मलकापुरात यांच्या जुन्या गाडीवर शिकले होते आणि भाजी मंडईच्या पुढं कधी गेले नव्हते. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. म्हटलं, "आप्पा, तुमी तिकडनं बसा. मी चालवती." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "तू? भाकरी थापल्यागत चालवशील." पण वळून डावीकडून बसले. बहुतेक त्यांना ते गंमतीचं वाटलं. पोरीला एक फेरी मारू द्यावी, असं.

पुढचे दिवस म्हणजे माझी आणि आप्पांची शर्यत. सकाळी चहा घशाखाली न घालता मी गाडीत जाऊन बसायची. ते तोंड धुवून येईपर्यंत माझे हात स्टेअरिंगवर. स्पष्ट नाही म्हणायची हिंमत अजून झाली नव्हती, जागा अडवून बसायची तेवढी झाली होती. आम्ही जतला जायचो, मागं कुणाची तरी मेंढरं. आप्पा डावीकडून मला धारेवर धरायचे. गिअर उशिरा टाकलास, खड्ड्याला भिऊन मेंढरांचे पाय मोडशील, हॉर्न काय लग्नाचा आहे का. त्यांचा आवाज परत आला होता. ताटाकडे बघून जेवायला लागले होते. मला मात्र रस्त्याची भीती वाटायची, ट्रकची वाटायची, मागं मेंढरू पडलं की काय याची वाटायची, आणि उद्या मी गेल्यावर या जागेवर कोण बसणार, ही भीती तर संध्याकाळी घरी आल्यावरही उतरायची नाही. ब्लाऊज मिळाली नाहीत म्हणून बायकांनी दुसरीकडे शिवायला टाकली. मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून काय ते समजा.

दिवाळी तोंडावर आलेली. बाजाराला निघालो होतो. आप्पा खुशीत होते, मला त्यांची जुनी वाट सांगत होते. कुठल्या गावच्या ओढ्याला पाणी असायचं, कुठला पाटील रानात बसू द्यायचा, कुठली कुत्री वाईट. म्हणाले, "मंग कृष्णा वलांडली की उजव्या हाताला..."

आणि बोलायचे थांबले. मला वाटलं, आठवतायत. मी म्हटलं, उजव्या हाताला काय? वळून बघितलं तर डोळे उघडे, समोर लागलेले, आणि उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपत होती. सावकाश. हाका मारल्या. ते तिथं नव्हतेच. मी गाडी कडेला घेतली, कशी घेतली मला आठवत नाही. हँडब्रेक ओढला. मागं मेंढरं ओरडत होती. त्यांचा हात हातात धरून बसले. ऊबदार हात, बोटं आपली चाचपतायत, आणि माझा हात धरणारं आत कुणी नाही.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिचकावले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "उजव्या हाताला वडाचं झाड. गाडी का थांबीवलीस?"

समोरून एका धनगराचा तळ येत होता. यंदा लवकर निघालेला, पश्चिमेला चाललेला. पुढं घोडी, घोड्यावर भांडी, गोधड्या, जाळीत बांधलेली कोकरं, एका घोड्यावर सामानाच्या मधोमध बसवलेलं लहान मूल. मागं बायका, डोक्यावर दुरड्या. आणि मग मेंढरं, रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती आमच्या गाडीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी जायला लागली. खुरांचा तो आवाज, ती धूळ, लोकरीचा वास. आप्पांनी काच खाली केली.

मी म्हटलं, "आप्पा, तुमी आत्ता हितं नव्हता." एवढंच बोलता आलं. ते माझ्याकडे वळले. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं, की ही डॉक्टरचं बोलणं सांगत नाहीये, बघितलेलं सांगतेय. त्यांनी विचारलं, "लय येळ?" मी म्हटलं, ही माणसं त्या वळणावर होती तेव्हापासून. त्यांनी वळणाकडे बघितलं. मग गाडीला घासून जाणाऱ्या मेंढरांकडे, मग घोड्यावरच्या त्या मुलाकडे. ते मूल जाईपर्यंत बघत राहिले. मी आयुष्यात आप्पांना घाबरलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

तळ निघून गेला, धूळ बसली, तरी मी गाडी चालू केली नाही. ते काच वर करत म्हणाले, "सुमे, मला आता गाडी दिऊ नगं." मी मान डोलावली. तर म्हणाले, "तसं न्हवं. मी मागंन. मला ऱ्हावणार न्हाई, मी मागणार. चिडंन, वाईट बोलंन. तवाबी दिऊ नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली मागितली.

मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, स्पष्ट, समोर उभं राहून. ते बोलले तेच झालं. चिडले, वाईट बोलले. डॉक्टरीण झालीस का म्हणाले, ही गाडी तुझ्या सासऱ्यानं घेतली का म्हणाले. दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी गोठ्यामागं जाऊन रडले. बरोबर वागून एवढं रडू येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर शेजारच्या मळ्यातला एक तरणा गडी गाडी चालवायला येऊ लागला. आप्पा त्याच्या डाव्या बाजूला बसतात आणि त्याला धारेवर धरतात. गोळ्या चालू आहेत, फिट कमी आहे. आणि दर खंडेनवमीला मी शिवण टाकून दुपारच्या एसटीनं निघते. दसऱ्याला बिरोबाला गाडी मीच न्यायची, हे ठरून गेलंय. आणि निघायच्या वेळी आप्पा किल्ली मागणार, हेही. एकदा गोडीनं मागितली, फाट्यापर्यंतच चालवतो म्हणून. एकदा नुसती मागं घेऊन देतो म्हणाले. एकदा देवाची शपथ घातली. मी दरवर्षी नाही म्हणते, ते दरवर्षी तोंड फिरवतात, बिरोबाच्या पायऱ्यांवर पुन्हा बोलायला लागतात. एसटीत बसल्यापासून मला त्या एका क्षणाची धास्ती असते. यंदा काय म्हणतील, मला नाही म्हणवेल का, हाच घोर.

यंदाही गेले. दसऱ्याच्या सकाळी आई दुरडी घेऊन मागं चढली. मी किल्ली हातात घेऊन बाहेर आले, मनात नाहीची जुळवाजुळव करत. आप्पा आधीच डावीकडे बसले होते. पट्टा लावला होता. मांडीवर हात ठेवून समोर बघत होते.

मी दाराशी उभी राहिले. किल्ली त्यांना दिसेल अशी धरली. त्यांनी बघितलं, आणि म्हणाले, "चल बाळा, ऊन व्हायलंय."

मी गाडी चालू केली नाही. अजून मागतील, मागावीच, म्हणून थांबून राहिले.